दोन उधाणं

बा, तू गेलास त्याला चाळीस वर्षं होत आली आणि आज मी तुझ्यावर चिडून लिहायला बसलोय. शाळा चौथीतच सुटली, चुका असतील. पण तुझं ते अर्धवट सांगणं आता मला भोवलंय.

सारसोळे गावात आपल्या घराच्या ओटीवर तू मोडलेली हाडं बांधायचास. गळ्याखालचं आडवं हाड असलं की माणसाच्या पाठीला गुडघा लावून त्याचे खांदे मागे ओढायचास, जुन्या लुगड्याची पट्टी दोन्ही काखांतून घेऊन पाठीवर आवळायचास आणि म्हणायचास, "दोन उधानं सरल्याबिगर हात वर करायचा नाय." बस, एवढंच. उधाण तर दर पौर्णिमा-अमावास्येला; मग बांधलं त्या दिवशीचं धरायचं की सोडायचं? मी विचारलं तर म्हणालास, "मना काय इचारतंस, हाताला इचार."

माझी नात कबड्डी खेळते. पौर्णिमेला नेरूळच्या मैदानात सरावात खांद्यावर आपटली, तेच हाड मोडलं. डॉक्टरने फोटो काढला, पट्टा दिला, सहा आठवडे सांगितले. मी घरी आणून त्याचा पट्टा सोडला आणि तुझ्यासारखी पट्टी बांधली. अमावास्येला पोर समोर येऊन बसते. "आजोबा, परवा रेल्वेची निवड हाय. नोकरी हाय ती. सोडा ना." मी बोटांवर मोजतो. पौर्णिमेचं एक, आजचं दुसरं. सून गॅसजवळून म्हणते, "डॉक्टरला तरी दाखवा." मी म्हणतो, "डॉक्टरच्या आदी माजा बा हाडं बसवत व्हता."

निवडीत पहिल्याच चढाईला कुणीतरी तिचा हात ओढला. हाड सरकलं. आता ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घालून स्क्रू मारलेत, नोकरी गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "असू द्या आजोबा, पुढच्या वर्षी बगू," म्हणते, आणि डाव्या हाताने जेवते.

घरात सगळ्यांना मी सांगितलंय, बाने नीट सांगितलं नव्हतं, मोजणीत चुकलो. त्यांना पटलं. तुला मात्र हे पत्र पोचायचं नाही, म्हणून लिहितो. पट्टी सोडताना मी अंगठा हाडावर ठेवला होता. डॉक्टरच्या आधी मी तिला मोकळी केली, असं गावाने म्हणावं, एवढंच डोक्यात होतं. हाताला विचारलं होतं, बा. हाड अंगठ्याखाली हलत होतं.