चार बोटं कापड आत

१२ जुलै २०२४

आले! गठ्ठे आले एकदाचे. टेम्पोवाला विचारतो, "हसनाबादचं शिवणकाम केंद्र कुठंय?" म्हटलं, हीच खोली. ग्रामपंचायतीची जुनी. पाटी उद्या लागंल, तू उतरव.

यंदा सरकारनं ठरवलंय – अख्ख्या राज्यात पोरांना एकच गणवेश. कापड वरूनच कापून येणार अन् शिवायचं बचत गटाच्या बायांनी. म्हंजे आम्ही! सहा मशिनी, आठ बाया, मी अध्यक्ष. सरपंचांनी खोली दिली ती याच अटीवर – गणवेशाचं काम असेपर्यंत तुमची.

गठ्ठा सोडला. अन् वंदना हसायला लागली ती थांबंचना. दुसरीच्या पोराचा शर्ट तिनं स्वतःच्या अंगाला लावून पाह्यला – बराबर बसला! "सत्यशीला, हे दुसरीच्या पोराचं माप हाय का दुसरीच्या मास्तरचं?"

१३ जुलै

हसून झालं, आता काम. सूचनांचा कागद वाचला. पोराचं माप घ्या, जादा कापड कापून टाका, अर्धा इंच ठेवून शिवा.

कापून टाका म्हणल्यावर उषाबाईंनी कात्रीच उचलून मांडीखाली घेतली. आमच्यात सगळ्यात थोरल्या त्या, साठी उलटली. "कोरं कापड कापून फेकायचं? हात झडंल माझा! पोरं काय वाढायची थांबणार हाईत का?"

खरंच की. आमच्याकडं कोण अंगाबरोबर शिवतं? माझ्या लग्नाच्या ब्लाउजात अजून तीन बोटं कापड आत पडून हाय. (आता उसवावं लागंल. आमचे मालक साहेबराव म्हणतात, दोनदा उसवून झालंय. गप बसा म्हटलं.)

ठरलं. कापायचं न्हाई. खाली चार बोटं, बाह्यांना दोन बोटं, कंबरेला दोन – सगळं आत दुमडायचं.

१९ जुलै

मेले मी आज.

तपासणीला बचत गटाच्या ऑफिसातल्या गंधाली मॅडम आल्त्या जालन्याहून. बाई कडक पण बोलणं गोड, तेच जास्त लागतं. पहिलाच शर्ट उलटा केला. "ताई, हे काय? खालून किती जाड दिसतंय! कागद वाचला नाही का?"

म्हटलं, "वाचला मॅडम. पण पोरं वाढतात ना."

"पुढच्या वर्षी नवा गणवेश मिळणारच आहे. नियम नियम असतो. सगळं उसवा, जादा कापड कापा. सोमवारी परत येते. तेव्हा पास नाही झालं तर काम दुसऱ्या गटाला."

त्या गेल्या अन् सगळ्या मशिनी बंद. वंदना तर पांढरी पडली. तिचं मला कळतं. मागल्या चार दिवाळ्या ती अन् नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं ऊसतोडीला, अन् आकांक्षा तिची मामाच्या गावी. पोरगी चौथीत गेली पण निम्मं शिक्षण इकडं, निम्मं तिकडं. यंदा पहिल्यांदा वंदना मुकादमाला न्हाई म्हणाली. "मशीन आली, आता कोयता धरणार न्हाई," असं अख्ख्या गल्लीला सांगत फिरली बया.

२२ जुलै

पास! सगळे पास!

कापलं एक बोटभर न्हाई. दोन दिवस इस्त्री फिरवली. दुमड दाबून दाबून अशी सपाट केली अन् वरून बारीक तुरपाई. उषाबाईंची तुरपाई बघायला भिंग लागंल. मॅडमनी हात फिरवला, "आता कसं छान!" म्हणाल्या. "कापलं ना?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच म्हाईत न्हाई – हो पण न्हाई अन् न्हाई पण न्हाई.

खोटं बोलले का मी? बोलले. पण कापड वाचलं.

१७ ऑगस्ट

सरकारच्या लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे आले अन् गावात ब्लाउजांचा पूर आला! राखी दोन दिवसांवर, सगळ्यांना आजच पाहिजे. अस्तर संपलं म्हणून जुन्या जालन्यात गेल्ते. कापडवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. तो घामाघूम, पण खूश. "ताई, सरकार तुम्हाला देतं, तुम्ही मला देता, मी टॅक्स भरून परत सरकारला देतो. नुसतं गोल फिरून राह्यलंय!"

म्हटलं, फिरू द्या की. फिरता फिरता माझी मशीन पण फिरती.

३० सप्टेंबर

शेवटचा गणवेश दिला. शाळेत पोरं कशी दिसून राह्यली! आभाळी रंगाची रांग. शर्ट जरा ढगळ – म्हंजे बरेच ढगळ. आपण आत घेतलं तरी कापडच तेवढं रुंद. आकांक्षा पळत येऊन म्हणती, "मावशी, माझ्या ड्रेसात मी अन् मैत्रीण दोघी बसतो!"

२२ डिसेंबर

निर्णय फिरला. पुढच्या वर्षीपासून वरून कापड बंद. पैसे परत शाळेच्या समितीला, त्यांनी पाहिजे तिथून गणवेश घ्यावा.

आधी डोकं तडकलं. मुंबईत एक कागद निघतो अन् सहा मशिनी कामाला लागतात, दुसरा निघतो अन् थांबतात. आम्हाला कुणी विचारतं का? मंग चहा घेतला अन् जरा विचार केला. समिती म्हंजे कोण? अध्यक्ष भागवतभाऊ. आपल्याच गल्लीतले. आता तर कापड पण आपण आणणार, मापानं कापणार पण आपणच. उलट लई बरं झालं!

वंदनाला सांगितलं तर तिनं पेढा आणला. कामाआधीच पेढा.

२४ जून २०२५

पेढा वाया.

समितीनं जालन्याच्या एका रेडिमेडवाल्याला काम दिलं. मी तरातरा भागवतभाऊच्या घरी. ते जेवून राह्यलेले, घास हातातच. "सत्यशीलाताई, राग धरू नका. मागच्या वर्षी शर्ट पोत्यावानी ढगळ होते का न्हाई? लोक मला बोलले. रेडिमेडला कटकट न्हाई, तयार माल."

"आम्ही कापलं होतं का ते? वरून कापून आल्तं!"

"ते मला कळतं, लोकांना कोण सांगणार?"

घ्या! चूक वरच्यांची, नाव आमचं. शिवाय सरपंचांचा निरोप – गणवेशाचं काम न्हाई तर एक सप्टेंबरला खोलीची किल्ली द्या. मशिनी ठेवायच्या कुठं? वंदनाच्या घरात तर खाट उभी करून झोपतात.

आज लई राग आला मला. ब्लाउजाची बाही उलटी जोडली.

२९ जुलै

वंदना सकाळपासून खोलीत आली न्हाई. दुपारी घरी गेले तर हातात कागद. आकांक्षाचा शाळा सोडल्याचा दाखला. मामाच्या गावी नाव घालणार. मुकादमाला हो म्हणाली ती.

"ब्लाउजावर काय वर्ष निघंना सत्यशीला. तू नको बोलू काही."

मी, अन् बोलायचं न्हाई! पण दाखला नुसता वाचून तिच्या हातात परत दिला. आकांक्षा अंगणात सागरगोटे खेळत होती. एकटीच. परत येताना रस्त्यात रडू आलं मला.

१२ ऑगस्ट

रेडिमेडचा माल आलाच न्हाई! दुकानदाराचं पण काय चुकलं? निर्णय फिरला तसे सगळ्या शाळांनी एकदमच काम दिलं, त्याला हात किती? म्हणतो, वीस तारखेनंतर बघू. अन् पंधरा ऑगस्ट तीन दिवसांवर.

मुख्याध्यापक अवधूत सर स्वतः खोलीत आले. "ताई, कापड धुऊन आटलं आणि पोरं वाढली, जुने गणवेश आखूड झालेत. पँटी घोट्याच्या वर. झेंड्याला पाहुणे येणार. तीन दिवसांत काही शिवून होईल का?"

ब्याण्णव पोरं. तीन दिवस. न्हाई होणार, म्हणायला तोंड उघडलं – अन् उषाबाई हसायला लागल्या. अशा हसल्या की चष्मा पडला. "सर, शिवायचं कशाला? शिवलेलंच हाय. आतमधी!"

देवा! मी इतकी वेडी कशी? वर्षभर पोरांच्या अंगावर फिरून राह्यलं अन् मी विसरूनच गेल्ते.

१३ ऑगस्ट

शाळेच्या ओट्यावर आठही जणी. हो, आठ! वंदना पण आली. म्हणाली, "माझ्या हातची तुरपाई दुसरीला उसवता यायची न्हाई." पोरं चड्डी-बनियनवर रांगेत, हातात गणवेश. उसवा, सोडा, इस्त्री, टीप. चार बोटं खाली, दोन बोटं बाही. एक पोरगा आरशात बघून म्हणतो, "बाई, माझा शर्ट वाढला!"

आया बघायला आल्या अन् बसल्याच. एकीनं चहा, एकीनं शेंगाच्या पोळ्या. ज्या मागच्या वर्षी बोट दाखवून हसल्या होत्या त्याच!

दाखला काढला तरी आकांक्षा आपला ड्रेस घेऊन रांगेत उभी. वंदनानं तिच्याकडं बघितलं न्हाई. पण ड्रेस तिनंच घेतला, तिनंच उसवला.

१४ ऑगस्ट

चारला संपलं. बोटं सुजली. पण एक घोळ! वर्षभर धुऊन धुऊन कापड फिकं पडलेलं, अन् आतलं कोरं. त्यामुळं प्रत्येक शर्टाला खाली चार बोटं गडद पट्टा. बाह्यांना पण. ब्याण्णव पोरं, सगळी पट्ट्यापट्ट्यांची! पहिलीतली तेवढी बिनपट्ट्याची – त्यांना मोठ्या भावंडांचे, आठवी सुटलेल्यांचे मागून आणून कमी करून दिले.

आता उद्या जे होईल ते होईल. पाहुणे कोण ते आज कळलं – गंधाली मॅडम.

१५ ऑगस्ट

झेंडा झाला. पोरं चालत गेली अन् मॅडमची नजर त्या पट्ट्यांवर. मी उषाबाईंच्या मागं लपले. उषाबाई पाच फुटाच्या, मी आडवी-उभी सारखीच, काय लपणार!

मॅडमनी आकांक्षाला जवळ बोलावलं. ड्रेसची कड हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. मंग सरळ माझ्याकडं.

"ताई, कापायला सांगितलं होतं ना मी?"

"हो मॅडम."

"आणि तुम्ही मान हलवली होती."

"हलवली होती मॅडम."

सगळा गाव कान लावून. मॅडम एवढ्या खळखळून हसल्या की शेजारी उभ्या सरांनी दचकून टोपीच पाडली! "मला फसवलंत तुम्ही. बरं झालं फसवलंत." मंग भागवतभाऊला विचारलं, "पोरांना वर्षाला दोन जोड मिळतात, दुसऱ्या जोडाचं काम अजून कुणाला दिलं नाही ना?" न्हाई म्हणाले. खाली मान घालून. तिथंच ओट्यावर समिती बसली – दुसरा जोड आमच्याकडं, माप घरोघर जाऊन. म्हंजे खोलीची किल्ली पण आमच्याकडंच! शेजारच्या दोन गावांचे मुख्याध्यापक पण नंबर घेऊन गेले. एकानं तर विचारलं, "तो खालचा पट्टा पाहिजे, नवीन डिझाइन आहे का?"

"हो," म्हटलं मी. "खास हसनाबादचं."

आनंद मावंना आज. भागवतभाऊ जिलबी घेऊन घरी आल्ते, पुडा ठेवला अन् गेले. वंदना मात्र जिलबी न खाताच उठून गेली.

१९ ऑगस्ट

वंदना सकाळीच दारात. हातात आकांक्षाचा दाखला, चार घड्या पडलेला. "सर म्हणले, परत नाव घालायचं तर अर्ज द्या. तू लिही, तुझं अक्षर बरं." मी पेन घेतलं, कारण काय लिहू विचारलं. तिनं दाखल्याच्या घड्या हातानं सरळ केल्या. मंग म्हणाली, "लिही – आम्ही आता गावातच राहणार हाव."