भाऱ्याला हात

कुडपण, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०००

तो गवताचा भारा संध्याकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही.

वर्षभर जिममध्ये लोखंड उचललं आणि हर्निया झाला तो ऑफिसचा मॉनिटर उचलताना. आमच्या नव्या इंटरनेट कंपनीत शिपाई नाही, सगळं आम्हीच हलवायचं. ऑपरेशननंतर वजन उचलायला बंदी, म्हणून गावी आलो. ऑफिसातला चहा, टवाळकी, सगळ्यांचं एकदम बोलणं फार आठवतं. तिथे कुणाला माझी आठवण येत असेल का?

आज आई बांधावर भारा बांधून उभी राहिली. तो एकटीला डोक्यावर घेता येत नाही. मी वाकणार तोच म्हणाली, "तू नको रे. कोनतरी येल." माझ्या दंडांकडे बघून हसलीसुद्धा. मग दोघंही वाटेकडे डोळे लावून बसलो. ऊन उतरल्यावर शेजारची काकी आली. "हात लाव गो," आई म्हणाली, आणि भारा डोक्यावर गेला.

मी नसताना ही रोज अशीच थांबते? घरी आल्यावर विचारलंच.

"नाय रे. एरवी बारका बांधते. तू घरी हायस ना, म्हणून आज मोठा बांधला गेला."