एका जबड्याचे तौलनिक अध्ययन

३ फेब्रुवारी

जबड्याने संप पुकारला! सकाळी जांभई देण्याचा माझा निरुपद्रवी संकल्प अर्ध्यावरच स्थगित झाला. कानांच्या पुढे, दोन्ही बाजूंच्या स्नायूंत अशी कळ की तोंड उघडेही ठेववेना, मिटवेही ना. पट्टीने मोजले — मुखद्वार जेमतेम दोन बोटे उघडते. वजनमापे खात्याच्या निरीक्षकाचे स्वतःचेच माप कमी भरावे, हे लांच्छनास्पद होय.

बायको म्हणाली, "रात्री दात खात असाल." मी म्हणालो, दिवसा दुसरे काही खायला मिळत नाही म्हणून. सकाळचा चहा आला नाही.

४ फेब्रुवारी

दंतवैद्य बाईंनी गालाचा स्नायू असा दाबला की समस्त पूर्वजांचे स्मरण झाले. निर्णय: दात निर्दोष, सांधा निर्दोष, स्नायू अतिश्रमाने पीडित. "फार बोलता का हो?" छे! मी दिवसभर तराजूंच्या सहवासात असतो. ते मितभाषी असतात.

संध्याकाळी मात्र पंचाईत. आईचे श्रवणेंद्रिय कधीच सेवानिवृत्त झाले आहे, यंत्रालाही दाद देत नाही. ती ओठ वाचते — तेही माझेच. सुनेचे ओठ फार भरभर चालतात, असे तिचे (आणि खासगीत माझेही) मत. म्हणजे साऱ्या जगाची वार्ता तिला या एकाच खिडकीतून मिळते, आणि खिडकी आज दोन बोटे!

आई म्हणाली, "तोंडातल्या तोंडात नको बोलूस." वर्षभर हेच ऐकतो आहे. कळ गिळून महाद्वार उघडले. तिने मान डोलावली. कृतार्थ झालो.

६ फेब्रुवारी

उपचारांचे शास्त्रशुद्ध परीक्षण आरंभिले. उजव्या गालास गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, डाव्या गालास रुमालातला बर्फ — एकाच वेळी!

"एका तोंडात उन्हाळा-हिवाळा दोन्ही," बायको.

निष्कर्ष: उष्णता श्रेष्ठ. शीत पक्षाचा गाल बधिर होऊन चहा सदऱ्याने प्राशन केला.

९ फेब्रुवारी

रात्री दातांवर बसवायचा पारदर्शक साचा आला. आरशात एक वयस्कर घोडा दिसला. बायको इतकी हसली की तिचाही जबडा दुखला, असे ती म्हणते. सकाळी साचा उशीखाली, कळ स्वस्थानी.

१० फेब्रुवारी

स्नायू शिथिल करणारी गोळी. स्नायूच काय, शासनही शिथिल झाले. किराणा दुकानात काट्यासमोर उभ्या उभ्या पेंगलो! दुकानदार अत्यंत प्रेमाने म्हणाला, "साहेब, झोपा तुम्ही. काटा मी बघतो."

गोळी बाद.

१३ फेब्रुवारी

व्यायामोपचार करणारी मुलगी. वयाने माझ्या लेकीएवढी, बोटांत मात्र लोहाराचे बळ. जीभ टाळूला टेकवून हळूहळू तोंड उघडा-मिटा — हा विधी मात्र गुणकारी! अर्धे बोट वाढले. सर्व उपचारांत प्रथम क्रमांक देण्याच्या बेतात होतो, तोच तिने विचारले, "घरी बोलता कसे, ते दाखवा."

दाखवले. आईशी बोलतो तसे, संपूर्ण वैभवानिशी: "आ-ई, आ-ज भा-जी स्व-स्त झा-ली!"

तिने हातातला टॉवेलच खाली ठेवला. "काका, हे बोलणं नाही. ही कुस्ती आहे. रोज?"

रोज. तासभर.

"दोन आठवडे एकदम बंद. नाहीतर मी कितीही दाबलं तरी उपयोग नाही."

दोन आठवडे! माझा जबडा बरा होईल हो. पण तोवर आईने काय भिंतींचे ओठ वाचायचे?

१४ फेब्रुवारी

बायकोने तोडगा काढला — पाटी. ठळक अक्षरांत लिहिले: "डॉक्टरांनी मला बोलायची बंदी केली आहे." आईने पाटी लांब धरली, जवळ धरली, मान डोलावली. "बरं झालं हो. छान झालं."

बायकोला हसू आवरेना. मलाही क्षणभर मौज वाटली. मग वाटेनाशी झाली.

पाटी पुसली. कोरी करकरीत पाटी तिच्यापुढे धरली.

"हो का?" आई म्हणाली. "बरं झालं, एकदाचं."

बायको हसायची थांबली.

१५ फेब्रुवारी

नेत्रतज्ज्ञ: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर्षापूर्वीच यायला हवे होते.

खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात — नोंद चुकीची येते? आधी काटा तपासा; काटा बरोबर असेल तर तो वाचणारा डोळा तपासा. मी वर्षभर काट्यालाच तेल घालीत बसलो. ती "नीट बोल" म्हणे आणि मी आणखी मोठा आ करी! अंधुक दिसते म्हणून तिची तक्रार, आणि तोंड माझे फाटत होते.

घरी आल्यावर विचारले — मोठ्याने नव्हे, तिचा हात धरून, पाटीवर अंगठ्याएवढी अक्षरे काढून: का नाही सांगितलेस?

बराच वेळ डोळे बारीक करून वाचले तिने. म्हणाली, "सुरुवातीला वाटलं, तूच पुटपुटतोस. मग कळलं माझं मला. पण तू रोज इतका जीव तोडून सांगायचास... मध्येच कसं म्हणू, काही दिसत नाही म्हणून? माझ्यापाशी बसला नसतास मग."

बसलो असतो. पण हे वाक्य पाटीवर मावले नाही.

२६ फेब्रुवारी

उद्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. जबडा बराच निवळला आहे. झोप नाही. साचा न घालताच दात खात बसलो आहे.

२८ फेब्रुवारी

पट्टी निघाली. आई टक लावून माझ्या ओठांकडे पाहू लागली. मी सवयीने महाद्वार उघडले —

"मीट ते," ती म्हणाली. "आणि सावकाश सांग. वर्षभर काय काय सांगत होतास रे?"