शमीमच्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड

१२ जुलै १९७७, मंगळवार
मासिकाकडून परीक्षणासाठी दोन रेकॉर्डी आल्या. पाचवी आणि सातवी सिंफनी. वेष्टनावर बारीक अक्षरात वादकांची नावं. सेकंड व्हायोलिनमध्ये, म्हणजे व्हायोलिनच्या दुसऱ्या गटात, शमीम शेख. आठ वर्षं माझ्याकडे व्हायोलिन शिकली, सदाशिव पेठेतल्या याच खोलीत. आता जर्मनीत. नाव दोनदा वाचलं.
पाचवी चांगली. गाजलेली म्हणून उगाच गर्जना नाही. सातवीच्या संथ भागात मात्र सेकंड व्हायोलिन्स धून उचलतात, अगदी हलक्या आवाजात, तिथे सगळी एकत्र नाहीत. चारदा ऐकलं. नाहीतच.

१४ जुलै
संपादकांना म्हटलं, माझी विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या कुणाला द्या. म्हणाले, "मीच लिहितो मग. मला काहीच कळत नाही, त्यामुळे पक्षपात व्हायचा नाही."
मीच लिहायचं ठरवून परत आलो.

१७ जुलै, रविवार
सकाळी रशीदभाई आले. शमीमचे वडील, शनिवार पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान. मीच निरोप धाडला होता. इस्त्रीचा शर्ट, अत्तर.
पाचवी पूर्ण ऐकली, मान खाली घालून. मग विचारलं, "मास्तर, यात आपली पोर कुठली?"
एकटी ओळखू येणार नाही, म्हटलं. पण सातवीत तिचा गट एका जागी स्पष्ट ऐकू येतो. ती जागा लावली. दुसरी कुठली लावणार?
र.भाई रडले, आवाज न करता. मी खिडकीकडे बघत होतो. कान मात्र चूकच मोजत होते.

१९ जुलै
परीक्षण लिहिलं. संथ भागाला "भावपूर्ण" म्हणून मोकळा झालो. मग आठवलं, चौदाची असताना असंच काहीतरी वाजवून शमीमने विचारलं होतं, "चालेल ना, सर?" मी नाही म्हणालो होतो. तिच्याकडून पुन्हा सगळं...
कागद फाडला. दुसरं लिहिलं; तिथे सेकंड व्हायोलिन्स एकत्र नाहीत, असं एका वाक्यात.

२१ जुलै
छापण्याआधी र.भाईंना कळायला हवं. दुकानात जाऊन वाचून दाखवलं. खळ लावत होते, हात थांबला.
"चूक तिची आहे?"
"गटातल्या बारा जणांपैकी कुणाची, ते कळत नाही. तिचीही असेल."
"रविवारी तुम्हाला माहीत होतं?"
हो म्हटलं.
पुन्हा कामाला लागले. चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२३ जुलै
परीक्षण दिलं, त्या वाक्यासकट. शमीमला नक्कल पाठवली. सोबतचं पत्र दोन ओळींपुढे गेलं नाही.

३१ जुलै, रविवार
र.भाई न कळवता आले. ती जागा परत लावा म्हणाले. डोळे मिटून तीनदा ऐकली.
"मला चूक ऐकूच येत नाही," म्हणाले. "ऐकायला शिकवाल?"
शिकवता येईल. तासाभराचं काम. पण एकदा ऐकू आली की ती जागा त्यांना पुन्हा कधीच तशी ऐकू येणार नाही.
विचार करून सांगतो, म्हटलं.