शेजारच्या सीटखालचा ब्रेक

ता. १ ऑक्टोबर

चि. हाफक्लच हिला बाबांचे अ. उ. आ. आणि आरसा आधी, गिअर मग, ही जुनी ताकीद.

तुझं पत्र पोचलं. त्यातला गाडी विकण्याचा परिच्छेद वाचला आणि विसरलो. एकोणीस वर्षांत या गाडीत तीनशेवर माणसं ड्रायव्हिंग शिकली. दोन नर्सबाई, एक खाटीक, आणि एकाच खांबाला तीनदा धडकलेल्या मुख्याध्यापिका. तूही शिकलीस, आणि क्लचवरचा पाय काही काढला नाहीस. अडतिसाव्या वर्षीही तुला हे नाव चिकटलेलं आहे त्याला मी काय करू?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात काचबिंदूनं नजरेच्या कडा झिजल्यात. त्या एका डब्यात डोकं घालायला लावतात आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायला सांगतात. पाच मिनिटांत माणूस कंटाळतो, चार दिवे सुटतात, आणि त्या कागदावर काळे डाग काढून हातात देतात. एवढ्यावरून माणसाला घरी बसवायचं?

परवा बेडूक येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, क्लच सोडला की ज्याची गाडी उड्या मारायची तो. आता त्याचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. आपली गाडी शिकवणीसाठीच बांधून घेतलेली, शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असलेली, म्हणून त्याला ती हवी आहे. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तो गेल्यावर तासभर गाडीत जाऊन बसलो होतो. चावी लावली नव्हती, नुसता बसलो होतो. का ते मला विचारू नकोस.

तुझी आई शेजारी असली की मी कुठंही जाऊ शकतो, तेव्हा काळजीचं कारण नाही. कोपऱ्यावर पोस्टमनची घंटा वाजली, हे त्याच्याच हातात देतो. लोभ आहे तेवढा पुरे, त्यात उपदेश मिसळू नये.

तुझे बाबा

—

ता. ६ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

उपदेश मिसळते आहे, रागवा. तुमच्या पत्राचा डावा समास चार बोटं आहे. गेल्या वर्षी दोन होता, त्याच्या आधी एक. मी दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासते, समास हलला की मला आधी तेच दिसतं. काल तुमची तीन वर्षांची पत्रं टेबलावर ओळीनं मांडली आणि पट्टीनं समास मोजले. बाबा, तुम्हाला कागदाची डावी बाजूच दिसत नाही. मग रस्त्याची कशी दिसते?

तुमचा पहिल्या दिवसाचा नियम मला पाठ आहे. जे दिसतं ते मोठ्यानं बोलायचं. पुढे बस, डावीकडे सायकल, बाईच्या हातात पिशवी, ती रस्ता ओलांडणार. न बोललेलं ते न पाहिलेलं, असं म्हणून तुम्ही मला भर रस्त्यात गाडी थांबवायला लावायचा. आता एकदा तुम्हीच गाडीत बसून दिसतं ते बोलून बघा. डावीकडचं काय काय बोलाल?

मला भीती वाटते. फोन वाजला की उचलण्याआधी मी खुर्ची ओढून बसते. बेडकाला गाडी देऊन टाका. तो तिला जपेल, आणि तुम्ही मला हवे आहात.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची हाफक्लच

—

ता. ९ ऑक्टोबर

चि. बाळास आईचे आशीर्वाद. हे पत्र तुझे बाबा दाढी करताहेत तेवढ्यात लिहिते आहे. फोन बैठकीत आहे आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत, म्हणून पत्र.

तुझं पत्र त्यांनी मलाच वाचायला लावलं. समासाचं आलं तेव्हा उठून गेले.

तुला वाटतं ते एकटे गाडी चालवतात. तसं नाही. गेलं दीड वर्ष आम्ही दोघं मिळून चालवतो. मला गाडी येत नाही हे तुला ठाऊकच आहे, पण मला दिसतं. मी शेजारी बसून बोलत राहते. डावीकडे सायकल, डावीकडून रिक्षा, कुत्रं उठलं. आणि धोक्याचं काही बोलले की त्याच क्षणी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबते. त्यांनीच शिकवलं. आधी गाडी सावकाश होते, मग ते बघतात. पहिल्या महिन्यात तर मला मजाच वाटायची. इतक्या वर्षांत त्यांनी माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

आता जे लिहिते ते वाचून हे पत्र फाडून टाक. उन्हाळ्यापासून माझ्या उजव्या पायाला कळत नाही. साखरेमुळे असं होतं म्हणे. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. मागे बाजारातून घरी आले तर उजव्या पायात चप्पलच नव्हती. कुठं निसटली ते मला सांगता येईना. त्याच पायानं मी ब्रेक दाबते. पेडलवर आहे की नाही ते खाली वाकून बघावं लागतं, आणि वाकले तर रस्ता कोण बघणार?

त्यांना सांगितलं तर ते मला घरी ठेवतील आणि एकटे जातील, त्यांचा हट्ट तुला ठाऊक आहे. म्हणून मी गप्प आहे आणि रोज गाडीत बसते. ते माझ्या भरवशावर चालवतात आणि मी कशाच्या भरवशावर बसते ते देव जाणे. गुरुवारी डोळ्यांची तपासणी आहे. नेहमीसारखे गाडीनंच जाऊ.

तुझ्या बाबांना यातलं काही कळवू नकोस. दाढी झाली, पाणी सोडल्याचा आवाज आला. जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी आई

—

ता. १२ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

काल फोनवर मी सांगायला लागले आणि तुम्ही गाडीचा विषय नको म्हणून ठेवून दिलात. तेव्हापासून फोन एंगेज लागतोय. रिसिव्हर बाजूला काढून ठेवला असणार. म्हणून हे जलद टपालानं पाठवते आहे. पाठ्यपुस्तकाची शेवटची मुद्रितं हातात आहेत, पंचवीसला निघते.

आईनं गप्प राहायला सांगितलं होतं. मी तिचा शब्द मोडते आहे. बाबा, आईच्या उजव्या पायाला काहीही कळत नाही. उन्हाळ्यापासून. चप्पल निसटली तरी तिला कळलं नाही. तुमच्या शेजारच्या सीटखाली जो ब्रेक आहे असं समजून तुम्ही गाडी चालवता, तो नाही असंच धरा.

गुरुवारी गाडी काढू नका, टॅक्सी करा. तिला ओरडू नका. ती तुमच्यापासून लपवत होती, आणि तुम्ही दोघं माझ्यापासून. पत्र गुरुवारच्या आधी पोचावं एवढंच मागते.

या पत्रामुळे माझ्यावरची माया कमी झाली तरी चालेल.

हाफक्लच

—

ता. १७ ऑक्टोबर

चि. हाफक्लच हिला अ. उ. आ. अक्षर आईचं आहे, बोलणं माझं. समास सरळ आला असेल तर श्रेय तिचं.

परवा फोनवर तुला एवढंच सांगितलं की सगळे जिवंत आहेत. बाकीचं बोलवेना. आईलाच लिहायला बसवलं आहे, म्हणजे तिच्यापासूनही काही लपायला नको.

तुझं पत्र गुरुवारीच आलं. आम्ही गाडी बाहेर काढून गल्लीच्या तोंडाशी आलो होतो. आई वेळेवर बोलली. डावीकडे पोस्टमन, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मी नेहमीसारखा गाडी सावकाश होण्याची वाट पाहिली. ती झाली नाही. माझा पाय ब्रेकवर गेला तेव्हा उशीर झाला होता. सायकल लागल्याचा आवाज मी ऐकला. माणूस मला दिसलाच नाही. त्याला धडक देईपर्यंत दिसला नाही, आणि पडल्यावरही मान पूर्ण वळवेपर्यंत दिसला नाही. हे आई लिहीत नव्हती, मी तिला लिहायला लावलं.

आईकडे बघितलं तर ती सीटला पाठ टेकून जीव खाऊन पाय दाबत होती. पाय पेडलवर नव्हता. शेजारच्या रबराच्या पायपुसणीवर होता. गाडी थांबली होती तरी ती दाबतच होती, आणि मला विचारत होती की ब्रेक का लागत नाही.

पोस्टमनचं मनगट मोडलं आणि सायकलचं पुढचं चाक वाकलं. रस्त्याच्या कडेला बसून तो डाव्या हातानं पत्रं गोळा करत होता. आमचं पत्र आमच्या पुढच्या चाकाखाली होतं. त्यानं ते ओढून काढलं, पँटला पुसलं आणि मला दिलं. जलद टपाल आहे म्हणाला. पाकिटावर टायरची नक्षी उमटली आहे. ती मी ओळखतो, टायर मीच निवडले होते. शेजारचा दुकानदार त्याला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला. पोलिसांना मी स्वतः फोन केला. ते येईपर्यंत आईनं मला गाडीतच तुझं पत्र वाचून दाखवलं. स्वतःच्या पायाचं आलं तिथं ती थांबली नाही, वाचत गेली.

मला माझ्या डोळ्यांचं गेल्या वर्षी जानेवारीतच कळलं होतं. डब्यातले दिवे कंटाळून सुटले नव्हते, दिसलेच नव्हते. गाडी दिली म्हणजे ते खरं आहे असं सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं होणार होतं. उरलेली नजरही जाणार हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, ते तुझ्यापासून लपवलं. मला अंधाराची भीती वाटते. लहान असताना वाटायची तशी. त्या भीतीपायी मी एका माणसाला मारायला निघालो होतो, आणि तुझ्या आईला त्यात सोबत नेत होतो.

काल बेडकाला बोलावलं. चावी त्याच्या हातावर ठेवली आणि दुसरा ब्रेक महिन्याला तपासायचा अशी अट घातली. त्यानं विचारलं, कुठं सोडू का. म्हटलं पोस्टमनला भेटायचं आहे. मग मी आणि आई मागच्या सीटवर बसलो. एकोणीस वर्षांत या गाडीत मी मागे कधी बसलो नव्हतो. तिथं पाय ठेवायला जागाच नाही. बिचारे विद्यार्थी आपली पाळी येईपर्यंत कसे बसायचे कोण जाणे. बेडूक आता उड्या मारत नाही, चांगला चालवतो. हे त्याला सांगितलं नाही.

गाडी सुटली आणि आई सवयीनं बोलायला लागली. डावीकडे सायकल. पुढे दोन बायका, एकीच्या कडेवर मूल. डावीकडे फळांची गाडी, पेरू आलेत. बेडूक आरशातून बघून हसला. दवाखान्याच्या दारात गाडी थांबल्यावर ती गप्प झाली. मी तिला म्हटलं, तू बोलत राहा. मग तिनं दारापासून पायऱ्या किती ते सांगितलं.

पोस्टमन रागावला नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. पंचवीसला ये. स्टेशनवर न्यायला मी येणार नाही, हे पहिल्यांदाच लिहितो आहे. टॅक्सी कर. आणि शब्द मोडलास म्हणून माया कमी होईल असं पुन्हा लिहू नकोस.

तुझे बाबा

ता. क. – आता बोलणंही माझंच. एक गोष्ट त्यांनी तुला सांगितली नाही. दवाखान्यापर्यंत त्यांनी माझा उजवा पाय आपल्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बेडकासमोर, कशाची पर्वा न करता. मधूनमधून अंगठा दाबायचे आणि विचारायचे, कळतंय का. मला ते दिसत होतं, एवढंच. दर वेळी मी त्यांना खरं सांगितलं. – आई