मुखड्याची पारख

३ नोव्हेंबर १९५१, बिदर

हे जाऊन आज चाळीस दिवस. विषमज्वर. सकाळी उठले, पाणी भरलं, ज्वारी निवडली. रडू येत नाही.

५ नोव्हेंबर

सराफीचं दुकान, आणि मामांना, सासऱ्यांना, मोतीबिंदू! आधी हे बघून सांगायचे. आज मामांनी मला दुकानात बोलावलं, हातात भिंग दिलं. "सातवी शिकलीस न्हवं? मग बघ आन् सांग."

सासूबाई दारातून — "रंडक्या पोरीला दुकानात कामून बसवायलाव?"

मामा म्हणाले, "बस." मी बसले. बस म्हणाले म्हणून बसले.

८ नोव्हेंबर

पोलीस ॲक्शन होऊन निजामी संपली त्याला तीन वर्षं झाली, मोठी घरं अजून रिकामी व्हायलीत. विलायती दागिने विकायला येतात. त्यांत मुखड्याचे बिल्ले — शिंपल्यात कोरलेला बाईचा चेहरा, मागं पदराला लावायची पिन. मामा म्हणतात नकलाच जास्त. खरा शिंपला उन्हात धरला की आरपार उजेड येतो, मधासारखा. पाठ जराशी खोलगट. बारीक तडा असला तर तोही उन्हातच दिसतो — घ्यायच्या आधी बघायचा, नंतर नाही.

दिवसभर बिल्ले उन्हात धरले. बरं वाटलं असं नाही. वेळ गेला.

११ नोव्हेंबर

चुकले. गुलबर्ग्याहून आलेल्या एका माणसाचा बिल्ला मी खरा म्हणाले. मामांनी तो तळहातावर खसाखसा घासला, माझ्या नाकाशी धरला. कापूर! नकली बिल्ले सेल्युलॉइडचे, ते तापलं की कापराचा वास सुटतो. "आता केस बघ ह्याचे. गुळगुळीत, साच्यातले. हातानं कोरलेल्याला हत्याराच्या रेघा असत्यात."

रागावले नाहीत.

कापरानं हे गेले तो दिवस आठवला. आठवला, एवढंच.

१२ नोव्हेंबर

काही नाही.

१५ नोव्हेंबर

किल्ल्याजवळच्या महमूदा बेगम आल्या. म्हाताऱ्या. मुलाकडं हैद्राबादला कायमच्या चालल्यात. रुमालातून सोन्याच्या चौकटीतला एकच बिल्ला काढला. "मेरी सास का है."

भिंग लावलं. नाक, पापण्या, केसांतलं द्राक्षाचं पान — जिथं बघावं तिथं हत्याराची रेघ. पिन कडेच्या बाहेर आलेली, अडकवायला साधा आकडा, बंद करायची कळ नाही. म्हणजे जुना. उन्हात धरला. तडा नाही. मामांच्या कानाशी म्हणाले — खरा आहे. फार चांगला आहे.

मामा बेगमांना म्हणाले, "सांचे का है, नकली है, अम्मा. बस चौकट के सोने का दाम देता."

बेगमांनी माझ्याकडं पाहिलं. "तू देखी ना, बेटी? तू बोल."

"असली है," मी म्हणाले.

एवढा मोठा आवाज कुठून आला कोण जाणे. त्यांनी बिल्ला परत रुमालात बांधला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मामा खाली बघत बसले.

१६ नोव्हेंबर

मामा बोलत नाहीत. सासूबाई बोलतात — "हातात आलेला माल घालवली! हिच्या भावाला, काशप्पाला, औरादला चिठ्ठी धाडा. घेऊन जाऊ दे." चिठ्ठी मलाच लिहायला लावली. लिहिली. अक्षर चांगलं आलं.

२० नोव्हेंबर

पेटी भरली. दोन लुगडी, ही वही. औरादला अण्णाच्या दोन खोल्या, पाच लेकरं, वहिनी, आता मी. आयुष्यभर. भ्या वाटायला पाहिजे. वाटत नाही.

२२ नोव्हेंबर

अण्णा सकाळच्या बसनं आला. पेटी उचलली. मामा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले, चाचपून पेटीवर हात ठेवला.

"माझे डोळे कुठं घेऊन चाललास, काशप्पा?"

सासूबाई काही म्हणायला लागल्या. मामा त्यांच्यावर ओरडले — "खोटं मी बोललो. ती न्हाई!"

अण्णानं विचारलं, "चंद्रा, येतीस का ऱ्हातीस?"

"ऱ्हाते," म्हणाले. आणि तिथंच उंबऱ्यावर बसून हे गेले त्यासाठी रडले — मोठ्यानं, सगळ्यांदेखत. पहिल्यांदाच.