तेराच तोफखिडक्या

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टेबलावर लढाया खेळायला तू केलेलं छोटं स्पॅनिश युद्धजहाज पाहून तुमच्या खेळाच्या मंडळातल्या मास्तरांनी मला पत्र घातलंय. चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाला खालच्या मजल्यावर, एका बाजूला, चौदा तोफखिडक्या हव्यात. तुझ्या जहाजाला तेराच आहेत. तू चारचौघांत म्हणालास म्हणे, की दादांचा नकाशाच तसा होता.

मला चौदा काढल्याचं आठवतं. पण मूळ कागद तुझ्याकडे, आणि आठवणीचा काय भरवसा? जन्मभर गोदीत नकाशे काढले, आता खिडक्या मोजता येईनात! रोज जिन्याच्या पायऱ्या मोजून पाहतो. बरोबर येतात, तरी धीर होत नाही. तुझी वहिनी मला गॅसला हात लावू देत नाही.

पुढची रेखाटनं दुसऱ्याकडून करून घे. माझ्यापायी तुझं नाव गेलं, याची लाज वाटते.

तुझा दादा

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न.

नकाशा समोर आहे. चौदाच आहेत, प्रत्येकीखाली तुम्ही बारीक आकडासुद्धा घातलाय. नवा साचा कोरायचा कंटाळा मी केला. चौसष्ट तोफांच्या इंग्रजी जहाजाचा जुना साचा होता, तेरा खिडक्यांचा. त्याचाच मागचा सज्जा तासला, लाल-पिवळा झेंडा लावला. म्हटलं, बोटभर जहाजाच्या खिडक्या मोजतंय कोण! मास्तरांनी टाचणीनं मोजल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि तोंडातून तुमचं नाव निघून गेलं.

तुम्ही पायऱ्या मोजता हे वाचलं आणि राहवेना. काल मंडळात उभं राहून खरं सांगितलं. विकलेली अकरा जहाजं परत मागवलीत.

दोन थोबाडीत द्या, पण लोभ तोडू नका.

आपला धाकटा

दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हायसं वाटलं, की डोकं शाबूत आहे. दुसऱ्यांदा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. खोटं कशाला लिहू?

मंडळात कबूल केलंस, ठीक. पण मला वेड लागतंय या भीतीनं मंडळ रडलं नव्हतं. तुझी वहिनी आतल्या खोलीत रडत होती. मला वाटायचं, सर्दी झालीय. तुझं पत्र तिला वाचून दाखवायला दोनदा उठलो आणि खाली बसलो. तिनं तुला पोटच्या पोरासारखं वाढवलंय. हे तिला माझ्याच्यानं सांगवत नाही.

लोभ कुठे जातोय! पण हे मिळताच निघ. तिला पत्र लिहू नकोस. समोर बसून सांग.

दादा